जुनी वास्तू, नवा वापर: कर्जत-खालापूर परिसरात पदव्युत्तर संकल्पन प्रकल्प करताना

अंतर्गत वास्तुरचना आणि अनुकूलित पुनर्वापर या शाखेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला एक स्वतंत्र संकल्पन प्रकल्प सादर करावा लागतो, आणि त्याच्या सुरुवातीला बहुतेकांच्या शंका सारख्याच असतात. इमारत कोणती घ्यावी, ती नेमकी कुणाच्या मालकीची हे कसे शोधावे, आत जाऊन मोजमापे घेण्यास कुणाची संमती लागते, नवा वापर कोणता सुचवावा आणि मूळ बांधकामाला किती हात लावावा, असे हे प्रश्न आहेत. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी लोकलने किंवा एसटीने पोहोचता येते म्हणून कर्जत आणि खालापूर हे तालुके वारंवार निवडतात. परंतु तेथील इमारती, तेथील पाऊस आणि तेथील जमिनीचे कागद यांची ओळख नसल्याने अर्धे सत्र केवळ जागा बदलण्यात जाते. पुढील मार्गदर्शन अशा विद्यार्थ्यांसाठी आहे.

अनुकूलित पुनर्वापर म्हणजे मूळ प्रयोजन संपलेली किंवा संपत आलेली इमारत, तिचा सांगाडा आणि ओळख राखून, दुसऱ्या वापरासाठी सक्षम करणे. वास्तूचे जतन करताना ती शक्यतो आहे तशी टिकवणे हा हेतू असतो, तर अंतर्गत सजावटीत इमारतीच्या रचनेला सहसा धक्का लावला जात नाही. अनुकूलित पुनर्वापरात मात्र उजेड, उंची, वर्दळ, भार आणि भिंती-छपरांचे जोड या सर्वांचा नव्याने विचार करावा लागतो. येथे दिलेल्या सर्व सूचनांमागे एकच धोरण आहे: नवा वापर आधी ठरवून त्यासाठी इमारत शोधू नये, इमारत आधी वाचावी आणि तिला जे पेलवते तेवढेच तिच्याकडून मागावे.

कोणत्या इमारती हाताशी आहेत

या परिसरातील बांधकामांचे प्रकार समजण्यासाठी थोडा इतिहास पुरेसा आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आला, १८६३ मध्ये बोरघाट चढून पुण्याला जोडला गेला आणि घाटाच्या पायथ्याचे कर्जत हे जादा इंजिने जोडण्याचे ठाणे बनले. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभारलेली नेरळ-माथेरान छोटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली, तर खोपोलीचे टाटा जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये कार्यान्वित झाले. रेल्वे, वीज आणि गिरिस्थान यांच्या जोडीला भातशेती होतीच, त्यामुळे पुढील प्रकारच्या वास्तू येथे विचारात घेता येतात:

- भातगिरण्या आणि धान्याची गोदामे, ज्यांत भिंती दगडाच्या किंवा विटांच्या, छप्पर लाकडी अथवा लोखंडी कैच्यांवर आणि वर मंगलोरी कौले किंवा पत्रे असतात;
- बाजारपेठेतील दुकानघरे व वाडे, ज्यांत रस्त्याकडे ओटी किंवा दुकान, मागे माजघर आणि वर माळा अशी रचना आढळते;
- रेल्वेची जुनी निवासस्थाने आणि छोट्या मार्गावरील जुम्मापट्टी, वॉटरपाइप यांसारखी लहान स्थानके;
- माथेरानचे जुने बंगले;
- पटसंख्येअभावी रिकाम्या झालेल्या शाळाखोल्या आणि वापराबाहेर गेलेली शासकीय विश्रामगृहे.

यांपैकी भातगिरणी हा प्रकार विद्यार्थ्यांना सर्वाधिक शिकवणारा आहे आणि त्याकडे सर्वाधिक दुर्लक्षही होते. गिरणीत धान्य वर चढवणाऱ्या बादल्यांच्या पट्ट्यासाठी एक उंच, अरुंद भाग लागतो, भात सडणाऱ्या हलर यंत्राचे कंपन सोसण्यासाठी काँक्रीटचा जाड चौथरा असतो, तूस आणि कोंडा वेगळा साठवण्यासाठी बंदिस्त खोली असते आणि समोर भात वाळवण्याचे मोकळे खळे असते. म्हणजे उंच, बुटकी, बंद आणि उघडी अशा चारही प्रकारच्या जागा एकाच लहान इमारतीत मिळतात, आणि यंत्रे काढून नेल्यावरही त्यांचे माप भिंतींत व जमिनीत उरलेले असते.

काही ठिकाणे आकर्षक असूनही टाळावीत. खोपोलीचे वीजकेंद्र आजही चालू आहे. लंडनच्या बँकसाइड वीजकेंद्राचे २००० मध्ये टेट मॉडर्न झाले म्हणून चालत्या केंद्राचे कागदावर संग्रहालय करणे म्हणजे मूळ अट, वापर संपलेला असण्याची, डावलणे होय. कोंढाणे येथील बौद्ध लेणी केंद्रीय संरक्षित स्मारक असल्याने तेथे पुनर्वापराचा प्रश्नच उद्भवत नाही. रसायन कारखान्यांच्या बंद शेडमध्ये माती आणि भिंती दूषित असण्याची शक्यता असते व तिची तपासणी विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची आहे. तीव्र डोंगरउताराखालची जागा निवडण्यापूर्वी दरडीचा धोका तपासावाच. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली, २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ताच राहिले, ही घटना या भागात काम करणाऱ्या कोणत्याही संकल्पकाने नजरेआड करू नये.

आकाराबाबत एक स्पष्ट मत नोंदवणे आवश्यक आहे. मोठी इमारत घेतल्याने प्रकल्प मोठा होत नाही. एका विद्यार्थ्याला सहकाऱ्याच्या मदतीने काही भेटींत पूर्ण मोजता येईल एवढीच वास्तू घ्यावी, आणि जमिनींच्या व्यवहारांमुळे या पट्ट्यात जुन्या इमारती अचानक पाडल्या जातात हे लक्षात घेऊन दुसरी एक वास्तू पर्याय म्हणून आधीच पाहून ठेवावी.

मालकी, ताबा आणि प्रवेश

मालक, ताबेदार आणि वापरकर्ता या तीन वेगळ्या व्यक्ती असू शकतात. गिरणीची जमीन एका कुटुंबाची, यंत्रसामग्री दुसऱ्याची आणि कुलूप तिसऱ्याचे अशी स्थिती दुर्मिळ नाही, आणि वाड्यांच्या बाबतीत अनेक सहहिस्सेदारांची नावे एकाच उताऱ्यावर असणे तर नित्याचेच. म्हणून पुढील कागद या क्रमाने पाहावेत.

१. शेतजमीन किंवा बिनशेती जमिनीसाठी सातबारा उतारा, जो महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल स्वाक्षरीसह मिळतो.
२. नगर भूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिका, म्हणजे भूखंडाचे क्षेत्र, सत्ताप्रकार आणि धारकाचे नाव दाखवणारा उतारा. ती भूमी अभिलेख खात्याच्या उपअधीक्षक कार्यालयातून मिळते.
३. गावठाणातील घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८, ज्यात घराची कर आकारणी व बांधकामाचा प्रकार नोंदलेला असतो. हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, तरी इमारत साधारण केव्हापासून अस्तित्वात आहे याचा माग त्यावरून लागू शकतो.

जुन्या नोंदी शोधताना एक गोष्ट विद्यार्थ्यांना हमखास चकवते. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, त्यानंतर तो कुलाबा जिल्ह्यात आला आणि कुलाब्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील खोपोली किंवा माथेरानचे वर्णन कुलाब्याच्या गॅझेटिअरमध्ये शोधून उपयोग नाही, ते ठाण्याच्या खंडांत सापडते.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असा शेरा असल्यास जमिनीच्या हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध आहेत असे समजावे. ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वस्त्या या दोन्ही तालुक्यांत मोठ्या प्रमाणावर आहेत, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीशिवाय बिगर-आदिवासी व्यक्तीला विक्रीने किंवा भाडेपट्ट्याने देता येत नाही. म्हणून अशा जमिनीवर बाहेरच्या संस्थेने चालवायचे केंद्र सुचवणारा प्रकल्प कायद्याच्या दृष्टीने पहिल्याच प्रश्नाला अडखळतो.

प्रवेशासाठी महाविद्यालयाच्या नावाचे, मराठीत लिहिलेले पत्र द्यावे. त्यात अभ्यासाचा हेतू, भेटींचा कालावधी, मोजमापे व छायाचित्रे कशासाठी वापरली जातील आणि अहवालाची प्रत मालकास मिळेल हे नमूद असावे. या अभ्यासामुळे आपली इमारत वारसा यादीत जाऊन विकता येणार नाही, अशी भीती अनेक मालकांना वाटते, आणि ती न सांगताच ते भेटी लांबवत राहतात. विद्यार्थ्याचा आराखडा म्हणजे शासकीय सर्वेक्षण नव्हे, हे पत्रातच लिहिलेले बरे. उलट बाजूने, प्रकल्प प्रत्यक्षात येईल, अनुदान मिळेल किंवा भाडेकरू निघून जाईल, असे कोणतेही आश्वासन विद्यार्थ्याने देऊ नये. भाडेकरू असल्यास त्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चे संरक्षण असू शकते, म्हणून त्याची संमती स्वतंत्रपणे घ्यावी.

रेल्वेच्या मालमत्तेसाठी मध्य रेल्वेची लेखी परवानगी लागते आणि ती मिळण्यास वेळ लागतो, त्यामुळे असा विषय घेणाऱ्याने अर्ज सत्राच्या पहिल्याच आठवड्यात करावा. ड्रोनने छायाचित्रण करायचे असल्यास ड्रोन नियम २०२१ लागू होतात. उड्डाणापूर्वी डिजिटल स्काय या अधिकृत नकाशावर त्या जागेचा विभाग पाहावा.

कोणत्या जागेला कोणता नियम

शैक्षणिक प्रकल्पासाठी बांधकाम परवानगी लागत नाही, पण परवानगी कुणाकडे मागावी लागली असती हे विद्यार्थ्याला माहीत असले पाहिजे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ नुसार इमारतीच्या वापरातील महत्त्वाचा बदल हाही ‘विकास’ ठरतो. म्हणजे एकही वीट न हलवता गोदामाचे सभागृह केले तरी परवानगीचा प्रश्न उभा राहतो. दुसरीकडे त्याच कायद्याच्या कलम ४३ मध्ये, केवळ अंतर्भागाशी संबंधित किंवा बाह्य स्वरूपात ठळक फरक न करणाऱ्या दुरुस्ती-सुधारणांना परवानगीतून सूट आहे, मात्र ती वारसा इमारतींना आणि वारसा परिसरांना लागू नाही. अंतर्गत वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांसाठी या दोन तरतुदी एकत्र वाचणे अत्यावश्यक आहे, कारण पहिली विसरल्याने प्रकल्प बेकायदा ठरतो आणि दुसरी विसरल्याने नको तेथे भीती बाळगली जाते.

राज्यातील बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, परंतु तिच्या कक्षेतील आणि तिच्यातून वगळलेली क्षेत्रे नेमकी याच परिसरात एकमेकांना चिकटून आहेत:

- कर्जत व खोपोली नगरपरिषदा आणि खालापूर नगरपंचायत यांच्या हद्दीत ही नियमावली पाहावी;
- माथेरान गिरिस्थान नगरपरिषद तिच्यातून वगळलेली आहे;
- माथेरानभोवतीचे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र केंद्र सरकारने २००३ मध्ये अधिसूचित केले असून कर्जत व खालापूर तालुक्यांतील डोंगरालगतची काही गावे त्यात येतात, तेथे त्या अधिसूचनेच्या अटी आधी पाळाव्या लागतात;
- खालापूरचा काही भाग नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना प्रकल्पात आहे आणि तेथील नियोजन सिडकोकडे आहे;
- औद्योगिक वसाहतीत औद्योगिक विकास महामंडळाचे स्वतंत्र नियम लागू होतात.

केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रित असते, हे २०१० च्या दुरुस्तीनंतरचे बंधनही लक्षात ठेवावे. कर्जतमध्ये उल्हास आणि खालापूर-खोपोलीकडे पाताळगंगा या नद्यांच्या काठची इमारत असल्यास जलसंपदा विभागाने आखलेली निळी व लाल पूररेषा मागवावी. ढोबळ मानाने निळी रेषा २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते, आणि या दोन पातळ्या इमारतीच्या उभ्या छेदावर काढून दाखवल्याशिवाय तळमजल्याचा वापर ठरवू नये.

पाहणी पावसाळ्यात करावी

शैक्षणिक वर्ष जून-जुलैत सुरू होते आणि विद्यार्थी पाऊस संपण्याची वाट पाहत दिवाळीनंतर मोजणीला जातात, हा या परिसरातील प्रकल्पांचा सर्वांत महागडा गैरसमज आहे. कर्जतला पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. इमारत कुठे गळते, पाणी कोणत्या भिंतीत वर चढते, पन्हाळी कुठे तुंबते आणि कोणता कोपरा भर पावसातही कोरडा राहतो, ही माहिती जानेवारीत कितीही अचूक मोजमापे घेतली तरी मिळत नाही. निदान एक भेट जुलैच्या मुसळधार पावसात आणि एक उघडीप पडल्यानंतर, भिंतींवरील ओल खडूने आखून तारीख घालता येईल अशी करावी.

मोजताना पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. जुन्या खोल्या काटकोनात नसतात, म्हणून प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजावेत. जमिनीचा उतार पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने आणि भिंतीचा झुकाव ओळंब्याने तपासावा. लेझर यंत्र असले तरी ही दोन साधने बरोबर असावीत. भिंतीची जाडी प्रत्येक दाराच्या चौकटीत स्वतंत्रपणे नोंदवावी, कारण जाडीतील बदलावरूनच मागाहून केलेली भर ओळखता येते.

लाकडी तुळईची तपासणी मधोमध न करता तिच्या टोकांशी करावी. तुळईचे टोक जेथे दगडी भिंतीत शिरते तेथे हवा लागत नाही आणि भिंतीतील ओल सतत शोषली जाते, त्यामुळे बाहेरून निरोगी दिसणारे ऐनाचे किंवा सागाचे लाकूड आतून भुसभुशीत झालेले असते. लहान हातोडीने टकटक केल्यास निरोगी लाकडाचा आवाज भरीव येतो, कुजलेल्याचा पोकळ. संशय आल्यास टोचा हलकेच रोवून तो किती आत जातो हे मिलिमीटरमध्ये लिहावे. भिंतीला तडा असल्यास त्यावर प्लास्टरच्या दोन ठिपक्यांनी काचेची पातळ पट्टी चिकटवून तारीख लिहावी. पुढील भेटीपर्यंत ती फुटली तर हालचाल अजून चालू आहे.

सुरक्षिततेबाबत दोनच सूचना पुरेत. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ते तोडू, घासू किंवा त्यांवर चढू नये. माळ्यावर एकट्याने जाऊ नये, आणि पावसाळ्यात बंद खोलीत शिरताना बूट व विजेरी असल्याशिवाय पाऊल टाकू नये. सापांना कोरडी जागा विद्यार्थ्यांपेक्षा आधी सापडलेली असते.

नवा वापर ठरवणे

कर्जत म्हटले की विद्यार्थ्यांच्या मनात पहिल्यांदा शेतघर, विश्रांतिस्थान किंवा छोटेखानी हॉटेल येते. बाजारात त्यांची रेलचेल आहे, आणि म्हणूनच तो विषय शैक्षणिकदृष्ट्या दुबळा आहे: प्रत्येक खोलीला स्वतंत्र स्नानगृह हवे असल्याने जुन्या भिंतींत नळ व मलवाहिन्या घुसवाव्या लागतात, मोठी सलग जागा लहान कप्प्यांत तुटते आणि अखेरीस जुनेपणा केवळ दर्शनी भागात उरतो. हा वापर कायमचा वर्ज्य नव्हे, परंतु इमारतीचा छेद काढून त्याचे समर्थन करता आले तरच तो घ्यावा.

योग्य वापर शोधण्याची पहिली पायरी म्हणजे इमारतीत किंवा तिच्या अंगणात आज काय चालते हे पाहणे. ब्राझीलमधील साओ पाउलो शहरात लीना बो बार्दी या वास्तुकारांनी १९७७ मध्ये पिंपांच्या एका बंद कारखान्याचे काम हाती घेतले, तेव्हा तेथे कुटुंबे सुट्टीला जमत होती आणि मुले खेळत होती. हा चालू वापर त्यांनी मोडला नाही, उलट त्यालाच आधार धरून सेस्क पोंपेया हे सांस्कृतिक केंद्र घडवले, जे १९८२ मध्ये खुले झाले. गिरणीच्या खळ्यावर आजही कुणी भात वाळवते का, गणेशोत्सवाचा मांडव तेथेच पडतो का, आठवडेबाजाराच्या दिवशी भाजीवाल्या सावलीला कुठे बसतात, याची नोंद किमान तीन वेगवेगळ्या वारी आणि वेळी करावी.

दुसरी पायरी म्हणजे परिसरातील खऱ्या संस्थेशी वापर जोडणे. कर्जतला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे आणि ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’, ‘कर्जत-१८४’ यांसारखे भाताचे वाण तेथूनच आले आहेत. तालुक्यातील शेतकऱ्यांसाठी हुतात्मा भाई कोतवाल यांनी धान्यकोठीचा प्रयोग केला होता, हाही इतिहास येथेच घडला. अशा ठिकाणी भातगिरणीत स्थानिक वाणांची बियाणे कोठी, लहान प्रमाणावरील सडाईचे प्रात्यक्षिक, तांदूळ विक्रीची बैठक आणि शाळकरी मुलांसाठी एक खोली असा कार्यक्रम सुचवल्यास इमारतीची उंच पेटी, जाड चौथरा, बंद कोठार आणि उघडे खळे हे चारही भाग मोठी मोडतोड न करता उपयोगात येतात. कोरडेपणा ही बियाण्याची मुख्य गरज आहे, आणि पावसाळी पाहणीत जो कोपरा कोरडा आढळला तोच कोठीसाठी राखता येतो.

पुढील प्रश्नांपैकी दोनांची उत्तरे नकारार्थी आल्यास वापर बदलावा:

- नव्या वापराचा भार जुन्या तुळया आणि पाया पेलू शकतात का?
- त्याला लागणारी शांतता, अंधार किंवा उजेड इमारतीत मुळात आहे का?
- तो पावसाळ्यातही चालेल का?
- चालवणारी व्यक्ती किंवा संस्था नाव घेऊन सांगता येते का?

भिंत, छप्पर आणि नव्या-जुन्याचा जोड

घाणीच्या चुन्यात किंवा मातीत बांधलेली भिंत ओल शोषते आणि सोडतेही. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतील ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते, ती वरवर चढते, क्षार बाहेर फेकले जातात आणि भिंतीला लोणा लागून गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून मूळ गिलावा चुन्याचा असेल तेथे दुरुस्तीही चुन्यानेच दाखवावी, आणि ओली दालने, म्हणजे शौचालये व स्वयंपाकघर, जुन्या भिंतीला टेकवण्याऐवजी मोकळ्या जागेत स्वतंत्र पेटीसारखी उभी करावीत.

कौलारू छपराखाली सपाट खोटे छत टाकून वातानुकूलन बसवणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. मंगलोरी कौलांच्या फटींतून आणि भिंत व छपराच्या मधल्या जागेतून वारा खेळत राहिल्यानेच लाकूड कोरडे राहते; छत बंद केले की वाळवीला आणि बुरशीला आयतीच जागा मिळते. उजेड हवा असल्यास मोजकी काचेची कौले वापरावीत व कोणत्या ओळीत किती, हे छपराच्या आराखड्यावर दाखवावे.

अतिरिक्त मजला हवा असल्यास तो जुन्या भिंतीत खोवू नये. स्वतःच्या खांबांवर उभा, भिंतीपासून थोडे अंतर राखलेला, बोल्टने जोडलेला आणि उद्या सुटा करता येणारा पोलादी मजला भार वेगळा ठेवतो आणि जुने-नवे ओळखूही येते. मुंबईत जॉर्ज विटेट यांनी बांधलेल्या १९११ च्या सर कावसजी जहांगीर सभागृहाचे रोमी खोसला यांच्या आराखड्यानुसार राष्ट्रीय आधुनिक कला दालन झाले आणि ते १९९६ मध्ये खुले झाले. बाहेरचे कवच तसेच ठेवून आत वेगवेगळ्या पातळ्यांवर दालने कशी रचली आहेत, हे तेथे जिन्याने वर जाताना प्रत्यक्ष पाहता येते, आणि पाहताना जुन्या सभागृहाची अखंड उंची त्यात किती हरवली, हाही प्रश्न विद्यार्थ्यांनी स्वतःला विचारावा. भूकंपाच्या दृष्टीने दगड-विटांच्या इमारतींचे बळकटीकरण कसे करावे यासाठी आयएस १३९३५ हे भारतीय मानक उपयोगी आहे. मात्र भाराचा अंतिम निर्णय पात्र संरचना अभियंत्याकडून तपासून घ्यावा.

आग आणि सुगम्यता

मुंबईच्या कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. जुन्या गिरणीच्या आवारातील नव्या उपाहारगृहांत ही दुर्घटना घडली, आणि गच्चीवरील ज्वलनशील आच्छादने व अडलेल्या वाटा यांमुळे पुनर्वापराच्या चर्चेत अग्निसुरक्षा केंद्रस्थानी आली. लोक एकत्र येणार असतील अशा प्रत्येक दालनाला दोन स्वतंत्र बाहेर पडण्याच्या वाटा दाखवाव्यात, राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मधील आग व जीवसुरक्षेचा भाग वाचावा आणि महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ ची आवश्यकता अहवालात नमूद करावी. दिव्यांग व्यक्तींसाठी उताराचे प्रमाण जास्तीत जास्त १:१२ असावे, म्हणजे ६० सेंटिमीटर उंच जोत्यासाठी ७ मीटर २० सेंटिमीटर लांबीचा उतार. तो ओट्याच्या दर्शनी भागावर न लादता बाजूने किंवा खळ्याच्या जमिनीची पातळी हळूहळू उचलून देता येतो.

रेखाटने आणि ज्युरी

आहे तशी स्थिती दाखवणारी रेखाटने प्रस्तावाच्या आधी आणि तेवढ्याच काळजीने काढावीत. त्यानंतर एकाच आराखड्यावर राहणारे बांधकाम काळ्या, काढायचे पिवळ्या आणि नवे लाल रंगात दाखवावे; नगरपरिषदेच्या मंजुरीच्या नकाशांतही साधारणपणे हीच रंगपद्धत असते, त्यामुळे परीक्षकांना काही सेकंदांत प्रकल्पाचा स्वभाव कळतो. पिवळा रंग लालपेक्षा जास्त दिसू लागला तर तो पुनर्वापर उरलेला नाही.

१:५० च्या छेदांबरोबर निदान तीन जोड १:५ प्रमाणात पूर्ण सोडवावेत: छप्पर भिंतीला जेथे टेकते तो, नवा मजला जुन्या भिंतीजवळ जेथे थांबतो तो आणि पावसाचे पाणी जमिनीला जेथे मिळते तो. संगणकावरील चकचकीत दृश्यांत सर्वत्र संध्याकाळचा सोनेरी प्रकाश असतो. त्याऐवजी एक दृश्य ऑगस्टच्या दुपारचे, ओल्या अंगणाचे आणि पाणी वाहणाऱ्या पन्हाळीचे द्यावे. कर्जतच्या इमारतीची परीक्षा त्या दृश्यात होते.

विद्यार्थ्यांचे आणि इतरांचे हक्क

सार्वजनिक मालकीच्या इमारतीचे जुने नकाशे किंवा दुरुस्तीच्या नोंदी मिळत नसल्यास माहितीचा अधिकार अधिनियम २००५ खाली अर्ज करता येतो. राज्य शासनाच्या कार्यालयांसाठी शुल्क १० रुपये आहे, अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा, उत्तर साधारणपणे ३० दिवसांत मिळणे अपेक्षित आहे आणि न मिळाल्यास प्रथम अपील करता येते. वेळेचे गणित पाहता हा अर्ज सप्टेंबरपूर्वी गेला पाहिजे.

रेखाटनांवरील स्वामित्वहक्क, वेगळा करार नसल्यास, कॉपीराइट अधिनियम १९५७ नुसार ती काढणाऱ्या विद्यार्थ्याचा असतो. मालकाने ती पाहण्यासाठी घेऊन कंत्राटदाराकडे सोपवल्यास विद्यार्थ्याला हरकत घेता येते, म्हणून दिलेल्या प्रतीवर ‘शैक्षणिक उपयोगासाठी, बांधकामासाठी नाही’ असा शेरा आणि तारीख टाकावी. घराच्या आतील छायाचित्रे प्रदर्शनात लावण्यापूर्वी तेथे राहणाऱ्यांची लेखी संमती घ्यावी, आणि देवघर, झोपण्याची खोली किंवा व्यक्तींचे चेहरे कुणाला नको असल्यास ते कारण न विचारता वगळावेत. अंतिम मूल्यमापन झाल्यावर आहे त्या स्थितीच्या रेखाटनांचा एक संच मालकाला आणि त्यांच्या संमतीने दुसरा संच स्थानिक सार्वजनिक वाचनालयाला द्यावा, म्हणजे पुढच्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्याला तीच वास्तू पुन्हा मोजण्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.